बिलाच्या यादीचं पान दर काही महिन्यांनी पुन्हा हळू होतं: हायबरनेट आणि पोस्टग्रेसमधली जुनी अडचण

तक्रार साधारण अशी येते. ॲप्लिकेशन नवीन होतं तेव्हा यादीचं पान झटकन उघडायचं. काही महिन्यांनी तेच पान आठ-दहा सेकंद घ्यायला लागलं. मग कोणीतरी मॅपिंगमध्ये (क्लास आणि टेबलं कशी जोडायची ते सांगणाऱ्या भागात) ‘लेझी’चं (लागेल तेव्हा आण) ‘ईगर’ (आधीच आण) केलं, किंवा क्वेरीत एक ‘जॉइन फेच’ (जोडलेल्या ओळी त्याच क्वेरीत आण) घातला, आणि पान सुधारलं. पण थोड्याच दिवसांत ते पुन्हा रखडलं, नाहीतर त्याच्या शेजारचं दुसरं पान रखडलं. सर्व्हरची मेमरी वाढवून होते, इंडेक्स घालून होतात, तरी दुखणं परत येतंच.

याचं कारण बहुतेक वेळा सर्व्हरमध्ये नसतं. ऑब्जेक्टची रचना आणि टेबलांची रचना एकच आहे असं धरून कोड लिहिलेला असतो, आणि डेटा थोडा असेपर्यंत दोन्हींतला फरक जाणवत नाही. खालचं सगळं जावा, हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडणारी लायब्ररी, म्हणजे ओआरएम) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून लिहिलं आहे. जँगो आणि एसक्यूएल-अल्केमी ही पायथनमधली अशीच साधनं वापरणाऱ्यांसाठी पुढे थोडं आहे.

उदाहरण

दूध संकलन करणारी संस्था घेऊ. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. प्रत्येक वेळी लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) आणि दर यांची एक नोंद होते. दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि त्यातून पशुखाद्याची उचल, ॲडव्हान्स वगैरे कपाती वजा होतात. डेटाबेसमध्ये चार टेबलं आहेत: केंद्र, सभासद, दूध_नोंद आणि कपात. जावात सभासद नावाचा क्लास आहे आणि त्यात दोन याद्या आहेत, ‘नोंदी’ आणि ‘कपाती’. पानावर हवं आहे एवढंच: सभासदाचं नाव, या दहा दिवसांचं एकूण दूध, रक्कम, कपात आणि निव्वळ देणं.

कोड वाचायला सुंदर दिसतो. सगळे सभासद आणा, प्रत्येकाच्या नोंदींवरून फिरा, तारीख बसत असेल तर बेरजेत धरा, मग कपातींवरून फिरा. जावाच्या दृष्टीनं यात काहीच चूक नाही.

आधी मोजा

‘पान हळू आहे’ एवढ्यावर दुरुस्तीला हात घालू नका. दोन वेगळे आकडे लागतात: एका पानामागे क्वेरी किती सुटतात, आणि एक क्वेरी किती ओळी आणते. दुखणी दोन आहेत आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिल्या आकड्यासाठी चाचणीच्या सर्व्हरवर हायबरनेटची स्टॅटिस्टिक्सची सेटिंग चालू करा. प्रत्येक सेशनच्या (हायबरनेटनं डेटाबेसशी केलेल्या एका कामाच्या) शेवटी किती स्टेटमेंट चालली ते लॉगमध्ये दिसतं. दुसऱ्यासाठी पोस्टग्रेसचं पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे एक्स्टेन्शन चालू करा. त्यात प्रत्येक क्वेरीसमोर ती किती वेळा चालली आणि तिनं एकूण किती ओळी दिल्या, हे दोन्ही रकाने असतात. ओळींना वेळांनी भागलं की दर वेळी येणाऱ्या ओळींची सरासरी मिळते. हळू क्वेरींच्या लॉगवर मात्र विसंबू नका. या दुखण्यात एकही क्वेरी एकटी हळू नसते, म्हणून तो लॉग कोराच राहतो आणि डेटाबेस निर्दोष आहे असं वाटतं.

आता हिशेब पाहा. सभासद ४०० आहेत. यादीसाठी १ क्वेरी, प्रत्येकाच्या नोंदींसाठी ४०० आणि कपातींसाठी ४००, म्हणजे ८०१. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्यात एका फेरीला १ मिलिसेकंद लागत असेल तर नुसत्या ये-जा करण्यात ०.८ सेकंद जातो. ५ मिलिसेकंद लागत असतील तर ४ सेकंद. तुमच्या लॅपटॉपवर डेटाबेस त्याच मशीनवर आहे आणि चाचणीत सभासद दहाच आहेत, त्यामुळे तिथे २१ क्वेरी होतात आणि डोळ्याला काहीच कळत नाही. यालाच एन प्लस वन म्हणतात, आणि ते बहुतेकांना ठाऊक असतं.

दुसरा भाग फारसा कोणी बघत नाही. ‘सभासद.नोंदी’ असं म्हटल्यावर हायबरनेट त्या सभासदाच्या आजवरच्या सगळ्या नोंदी आणतं. दिवसाला २ धरल्या तर वर्षाला ७३०. चारशे सभासदांच्या मिळून वर्षाला २,९२,००० ओळी, आणि पानाला त्यातल्या फक्त दहा दिवसांच्या, म्हणजे ८,००० हव्या असतात. सभासद एकानंही वाढला नाही, कोडची एक ओळही बदलली नाही, तरी पान दर महिन्याला थोडं थोडं हळू होत जातं. ‘आम्ही तर काहीच बदललं नाही’ असं सांगणारा माणूस खरंच बोलत असतो.

ही फट मुळात कुठे आहे

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलवरचा आपला गाजलेला लेख छापला. त्या काळच्या डेटाबेसबद्दल त्यांच्या तीन तक्रारी होत्या: प्रोग्रॅम डेटाच्या क्रमावर अवलंबून राहतो, इंडेक्सवर अवलंबून राहतो, आणि डेटापर्यंत पोचण्याच्या वाटेवर अवलंबून राहतो. तिसरी तक्रार नीट वाचली तर ती आपल्या बिलाच्या पानाबद्दलच आहे. तेव्हा प्रोग्रॅमर एका रेकॉर्डवरून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे असा स्वतः वाट काढत जायचा. चार्ल्स बॅकमन यांनी १९७३ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात तर प्रोग्रॅमरला डेटातून वाट काढणारा नाविकच म्हटलं होतं, आणि ते कौतुकानं म्हटलं होतं. कॉडना हे ओझं प्रोग्रॅमरच्या डोक्यावरून काढायचं होतं: काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते डेटाबेस ठरवेल.

ऑब्जेक्ट मेमरीत असतो तेव्हा एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्यात जाणं जवळपास फुकट असतं, म्हणून वाट काढत जाणं हाच तिथला सहज मार्ग आहे. ओआरएम त्याच वाटेखाली डेटाबेस आणून ठेवतं. कोडमध्ये एक टिंब दिसतं, पण त्या टिंबामागे नेटवर्कवरची एक फेरी असते. कॉडनी ५० वर्षांपूर्वी काढून टाकलेली वाट आपण पुन्हा प्रोग्रॅममध्ये लिहिलेली असते.

दुसरा फरक नात्याच्या दिशेचा. टेबलात नातं मुलाकडे असतं, कारण दूध_नोंदीत सभासद_आयडी आहे आणि सभासदाच्या ओळीत नोंदींचा मागमूसही नाही. म्हणून नवी नोंद घालताना सभासदाच्या ओळीला हात लागत नाही. जावात आपण तेच नातं उलटं करून सभासदाच्या हातात यादी देतो. यादी म्हटली की ती ‘सगळी’ असते. ‘या दहा दिवसांची यादी’ असं क्लासच्या फील्डमध्ये लिहिता येत नाही, कारण तारखा पान उघडणाऱ्यानं ठरवायच्या असतात. टेबलाला मात्र असाच प्रश्न विचारलेला आवडतो.

टेबलं बाजूला सारून ऑब्जेक्टच थेट साठवावेत, असा प्रयत्नही झाला. ओडीएमजी या गटानं १९९३ मध्ये त्यासाठी मानकाची पहिली आवृत्ती काढली, पण २००१ मध्ये तो गटच आवरला गेला. त्याच वर्षी गॅव्हिन किंग यांनी हायबरनेट सुरू केलं आणि २००६ मध्ये जेपीए हे जावातल्या ओआरएमचं मानक आलं. ऑब्जेक्ट वर आणि टेबलं खाली, ही तडजोड तेव्हापासून आपण चालवतो आहोत. तडजोड वाईट नाही, पण मधली फट सांभाळायचं काम लायब्ररी आपल्यासाठी करत नाही.

जे उपाय केल्यानं दुखणं परत येतं

पहिला उपाय, मॅपिंगमध्ये ईगर. यानं क्वेरी कमी होतील याची खात्रीच नाही. तुम्ही स्वतः जेपीक्यूएलमध्ये (जेपीएच्या क्वेरी-भाषेत) लिहिलेल्या क्वेरीत जॉइन नसेल तर हायबरनेट आधी सभासद आणतं आणि मग ईगर म्हटलंय म्हणून प्रत्येकासाठी वेगळी क्वेरी सोडतंच. आणि ईगर एकदा मॅपिंगमध्ये लिहिलं की ते सगळ्या ॲप्लिकेशनला लागू होतं. सभासदाचा फक्त फोन नंबर बदलणाऱ्या पानावरही त्याच्या सगळ्या नोंदी येऊन पडतात. एक पान सुधारलं आणि शेजारचं बिघडलं, ही तक्रार इथून येते. मेनी-टू-वन (अनेक नोंदींचा एक सभासद) आणि वन-टू-वन ही नाती तर जेपीएत मुळातच ईगर असतात. ती प्रत्येक ठिकाणी हातानं लेझी करून घ्या.

दुसरा, दोन्ही याद्यांवर जॉइन फेच. दोन्ही जावाच्या लिस्ट असतील तर हायबरनेट ‘मल्टिपल बॅग फेच’ अशी एरर देऊन थांबतं. इंटरनेटवर लगेच उत्तर सापडतं की लिस्टचं सेट करा. एरर जाते, अडचण तशीच राहते. एका सभासदाच्या दहा दिवसांच्या २० नोंदी आणि ५ कपाती जॉइन झाल्या की डेटाबेसमधून २५ नव्हे तर १०० ओळी येतात, कारण प्रत्येक नोंद प्रत्येक कपातीशी जोडली जाते. चारशे सभासदांच्या १०,००० ऐवजी ४०,०००. ऑब्जेक्ट बांधताना हायबरनेट त्या निवडून घेतं म्हणून पान निदान बरोबर दिसतं. पण याच जॉइनवर कोणी एसक्यूएलमध्ये बेरीज लावली तर दूध पाचपट आणि कपात वीसपट होते. पैशाच्या पानावर हा प्रकार जिवावर बेततो, आणि एक-दोनच कपाती असलेल्या चाचणीच्या डेटात तो सहज निसटतो. ती एरर म्हणजे हायबरनेटनं वेळेवर दिलेला इशारा आहे. तो गप्प करू नका.

तिसरा, जॉइन फेचसोबत तारखेची अट. इथे दोन गोष्टी मोडतात. नुसता ‘जॉइन फेच’ इनर असतो, त्यामुळे ज्याची कपातच नाही तो सभासद यादीतून गायब होतो. ‘लेफ्ट’ केलं तरी तारखेची अट ‘व्हेअर’मध्ये गेल्यावर तो पुन्हा गायब, कारण रिकामी तारीख त्या अटीत बसत नाही. अट जॉइनच्या जागीच हवी, पण फेच केलेल्या नात्यावर हायबरनेट ती लिहू देत नाही. त्याची बाजू बरोबर आहे, कारण ऑब्जेक्टमधली यादी अर्धीच भरली तर त्याच ट्रान्झॅक्शनमधला पुढचा कोड तिला पूर्ण समजून हिशेब करेल. ‘व्हेअर’मधून अट घुसवली की नेमकं हेच घडतं, आणि ते कुठेही एरर म्हणून दिसत नाही.

चौथा, पानं पाडणं. पहिले २५ सभासद मागितले आणि सोबत यादी फेच केली, तर हायबरनेट सगळ्या ओळी मेमरीत आणून मग २५ मोजून देतं. डेटाबेसकडून २५ ओळी मागितल्या तर सभासद एखादाच येईल, म्हणून त्याला दुसरा मार्ग नसतो. लॉगमध्ये तशी सूचना येते, पण ती वाचतो कोण? अशा वेळी क्वेरी सरळ फेल व्हावी, अशी सेटिंग हायबरनेटमध्ये आहे. ती चालू ठेवाच.

पाचवा उपाय कोणी मुद्दाम करत नाही, तो आपोआप झालेला असतो. स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये ‘ओपन इन व्ह्यू’ मुळात चालू असतं. म्हणजे सर्व्हिसचं काम संपल्यावरही सेशन उघडं राहतं, आणि जेसन बनवताना जॅक्सन (ते बनवणारी लायब्ररी) प्रत्येक गेटरला हात लावत लेझी याद्या ओढत बसतो. लॉम्बॉकनं (ठरावीक कोड आपोआप लिहिणाऱ्या साधनानं) बनवलेलं टू-स्ट्रिंग किंवा हॅशकोडही असंच करतं. चाचणीच्या सर्व्हरवर ओपन इन व्ह्यू बंद करा. लेझी इनिशिअलायझेशनच्या एरर धडाधड पडतील. घाबरू नका. जिथे नकळत क्वेरी सुटत होत्या त्या जागांची ती आयती यादी आहे.

मग करायचं काय

माझं ठाम मत असं आहे की ज्या यादीला वरची मर्यादा नाही ती क्लासमध्ये ठेवूच नये. सभासदातून ‘नोंदी’ काढून टाका. दूध_नोंदीतलं सभासदाकडे जाणारं मेनी-टू-वन पुरेसं आहे, आणि ते टेबलातल्या नात्याच्या दिशेनंच आहे. कपातींचंही तेच. सुरुवातीला हात आखडल्यासारखं वाटतं, पण ‘सभासद.नोंदी’ लिहिताच येत नसेल तर ते चुकून कोणी लिहिणारही नाही.

बिलाचं पान म्हणजे एक प्रश्न आहे, तो प्रश्नासारखाच विचारा. आधी दूध_नोंदीतून तारखेच्या अटीनं सभासदवार बेरीज काढा. कपातीतून वेगळी बेरीज काढा. मग सभासद टेबलाला या दोन्ही बेरजा लेफ्ट जॉइन करा. आधी बेरीज आणि नंतर जॉइन, हा क्रम महत्त्वाचा आहे. वरची पाचपटीची गडबड त्यानंच टळते. दोन्ही बाजूंना सभासदामागे जास्तीत जास्त एक ओळ उरते, म्हणून गुणाकार होतच नाही. ज्याची कपात नाही त्याच्यासमोर शून्य लिहायला कोअलेस वापरा. ८०१ क्वेरींच्या जागी १ क्वेरी आणि ४०० ओळी. हायबरनेट ६.१ पासून फ्रॉममध्ये सबक्वेरी चालते. त्याआधीची आवृत्ती असेल तर नेटिव्ह क्वेरी (थेट एसक्यूएल) लिहा, त्यात कमीपणा काही नाही. उत्तर एंटिटीत (टेबलाशी जोडलेल्या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये) न घेता जावाच्या साध्या रेकॉर्डमध्ये घ्या. त्याच्यामागे सेशन नाही, लेझी काही नाही, जॅक्सननं कितीही ढवळलं तरी नवी क्वेरी सुटत नाही. यात पानं पाडणंही सरळ चालतं.

यावर हमखास आक्षेप येतो की दर काढायचा नियम जावात आहे, फॅट-एसएनएफच्या दरपत्रकावरून, मग बेरीज एसएनएफ न पाहता डेटाबेसमध्ये कशी करणार? उत्तर असं की नोंद होतानाच दर आणि रक्कम ओळीत लिहून ठेवा. दरपत्रक पुढे बदलतं, पण शेतकऱ्याच्या हातातली पावती बदलता कामा नये. नियम जावात, नोंदीच्या क्षणी एकदाच चालतो. त्यानंतर ती रक्कम म्हणजे घडून गेलेली गोष्ट. रकाना न्यूमेरिक ठेवा, फ्लोट नको.

इंडेक्स दोन्ही मुलांच्या टेबलांवर सभासद_आयडी आणि तारीख असा जोडीचा लागेल. सगळ्या संस्थेची यादी तारखेवरून निघत असेल तर तारीख आधी असलेलाही लागतो. मायएसक्यूएलचं इनोडीबी फॉरेन कीवर स्वतःहून इंडेक्स ठेवतं, पोस्टग्रेस ठेवत नाही. मायएसक्यूएलवरून आलेल्या टीममध्ये हा इंडेक्स हमखास राहून गेलेला असतो.

एंटिटीच हव्या असतील तेव्हा

वाचनाच्या याद्यांमधून एंटिटी काढा म्हणतो, तेव्हा ऑब्जेक्ट टाकून द्या असं म्हणत नाही. एका सभासदाचं एक बिल उघडून कपात बदलायची, उचलीची मर्यादा तपासायची, दोघांनी एकाच वेळी बदल केला तर आवृत्तीच्या रकान्यावरून अडवायचं, इथे ऑब्जेक्ट उत्तम काम करतात. बिलाचं वेगळं टेबल आणि क्लास केला, तर एका बिलाच्या चार-पाच कपाती ही मर्यादित यादी आहे, ती क्लासमध्ये शोभते. अशी पन्नास बिलं एकदम लागली तर बॅच साइज वापरा. ४०० बिलांच्या कपाती ५० च्या बॅचनं आणल्या की ४०० ऐवजी ८ क्वेरी होतात. सबसिलेक्ट फेच लावलं तर एकच. दोन याद्या असतील तर प्रत्येकीची वेगळी क्वेरी होते, गुणाकार होत नाही, म्हणून दोन जॉइन फेचपेक्षा हे केव्हाही बरं.

लिहिण्याच्या बाजूचं थोडक्यात. वन-टू-मेनी एकाच बाजूनं मॅप केलं आणि जॉइन कॉलम दिला नाही, तर हायबरनेट मध्ये एक जोड-टेबल बनवतं. तिथे लिस्टमधून एक कपात काढली की आधी त्या बिलाच्या सगळ्या जोड-ओळी पुसल्या जातात आणि उरलेल्या परत घातल्या जातात. मॅपिंग दोन्ही बाजूंनी करून ‘मॅप्ड बाय’ लावलं की हे थांबतं. रात्री बिलं तयार करणारं काम हळू असेल तर आयडी कसा बनतो ते पाहा. आयडेंटिटी रकाना असेल तर हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग बंद करतं, कारण आयडी कळायला प्रत्येक ओळ लगेच घालावी लागते. पोस्टग्रेसवर सिक्वेन्स वापरा.

कपातीचे प्रकार इनहेरिटन्सनं मांडले असतील, म्हणजे कपात हा मूळ क्लास आणि पशुखाद्य, ॲडव्हान्स, विमा हे त्याचे वारस, तर ‘जॉइन्ड’ पद्धतीत प्रत्येक वाचनात प्रत्येक वारसाचा लेफ्ट जॉइन येतो. प्रकारांमध्ये एक-दोन रकान्यांचाच फरक असेल तर एकच टेबल ठेवा. वारसांच्या रकान्यांना नॉट नल लावता येत नाही ही त्याची उणीव आहे. ती प्रकारानुसार चेक कन्स्ट्रेंट लिहून भरून काढा. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेबल इनहेरिटन्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. वडिलांच्या टेबलावरचं युनिक बंधन मुलांच्या टेबलांना लागू होत नाही.

जँगोत हेच दुखणं आहे, नावं वेगळी. सिलेक्ट रिलेटेड म्हणजे जॉइन आणि प्रीफेच रिलेटेड म्हणजे वेगळी क्वेरी. दोन वेगवेगळ्या उलट्या नात्यांवर एकाच ॲनोटेटमध्ये सम लावलं तर वर सांगितलेला गुणाकार तिथेही होतो, म्हणून सबक्वेरी वापरा. एसक्यूएल-अल्केमीत सिलेक्ट-इन-लोड आहे. शिवाय रेझ-लोड आहे, ते मला फार आवडतं: न सांगता आणलेलं नातं वापरलं की सरळ एरर.

पुन्हा होऊ नये म्हणून

क्वेरी मोजणारी चाचणी लिहा. ३ सभासदांवर पान चालवा, किती क्वेरी झाल्या ते मोजा. मग ३० सभासदांवर चालवा. दोन्ही आकडे सारखेच आले पाहिजेत. ठरावीक आकड्याशी तुलना केली तर दर नव्या फीचरला तो आकडा वाढवत बसाल. दोन आकड्यांची आपसात तुलना केली तर एन प्लस वन त्याच दिवशी पकडलं जातं. जँगोत असर्ट-नम-क्वेरीज तयारच आहे, हायबरनेटमध्ये स्टॅटिस्टिक्स ऑब्जेक्टकडून आकडा मिळतो. चाचणीच्या डेटात एक सभासद बिनकपातीचा, एक दूध न घातलेला आणि एक तीन कपातींचा असू द्या, आणि नोंदी मागच्या बिलाच्याही असू द्या. दूध न घातलेल्याची ओळ शून्यासह दिसली आणि तीन कपातीवाल्याचं लिटर हातानं केलेल्या बेरजेशी जुळलं, की ते पान सोडा आणि पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समध्ये सर्वांत जास्त वेळा चाललेली पुढची क्वेरी घ्या.